पुरातल्या बोटीसाठी इंजिन: कार्बोरेटर घ्यावं की फ्युएल इंजेक्शन?

कृष्णाकाठ_शिरोळ · ११ मे, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडपासून जवळ. पंचगंगा आणि कृष्णा, दोन्हीकडून पाणी चढतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा झाला की आम्ही जनावरं हलवतो. ४३ ची धोका पातळी ओलांडली की माणसं.

गावात आम्ही चौदा जणांनी बचाव पथक केलंय. एक रबरी बोट आहे आणि तिच्यावर ४० एचपीचं जुनं टू-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन), कार्बोरेटरवालं. यंदा उसाची बिलं आल्यावर गावानं वर्गणी काढली आणि नवीन इंजिनाला पुरतील एवढे पैसे जमले. दोन कोटेशन आलीत. एक ३० एचपी टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवालं, स्वस्तातलं. दुसरं ३० एचपी फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवालं, बरंच महाग. फरकाची रक्कम द्यायला गाव तयार आहे, पण पैसा गावाचा आहे. चुकीची वस्तू आणली तर मला झोप लागणार नाही.

हे विचारायचं कारण सांगतो. जुलै २०२१ ला पाणी चढत असताना मळ्यातल्या एका घराच्या माडीवर म्हातारा-म्हातारी अडकली होती. आम्ही बोट पाण्यात ढकलली, पेट्रोलच्या नळीवरचा फुगा दाबून कडक केला, चोक ओढला आणि दोरी ओढायला लागलो. इंजिन एकदा फुरफुरलं आणि गप्प झालं. चौघांनी आळीपाळीनं दोरी ओढली. तळहात सोलले. चाळीस मिनिटं गेली. शेवटी शेजारच्या गुऱ्हाळावरची काहील (गुळाची मोठी कढई) पाण्यात सोडली आणि दोघं बांबू घेऊन गेले. म्हातारा-म्हातारी सुखरूप आली, पण त्या चाळीस मिनिटांत पाणी माडीच्या तिसऱ्या पायरीवरून सहाव्या पायरीवर गेलं होतं.

मला वेग नको, दिखावा नको. अकरा महिने शेडमध्ये उभं राहून बाराव्या महिन्यात दोन-तीन ओढीत चालू होणारं इंजिन पाहिजे. ज्यांनी दोन्ही प्रकार हाताळलेत त्यांनी कृपया लिहावं.

फिटरअण्णा_उद्यमनगर · ११ मे, रात्री १०:०५

राम राम भावा. पथकाचं काम लई मोठं करताय.

मी ३१ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात हाय. ऑइल इंजिनं, पंप, आता जास्त करून कार्बोरेटर. माझं मत सरळ हाय, कार्बोरेटरचं घ्या. कारण पुरात लाइट नसती, मोबाइलला रेंज नसती, रस्ता बंद. कार्बोरेटर बिघडला तर एक पेचकस आणि १० नंबरचा पाना एवढ्यावर गाव गाठता येतं. बाऊल (खालची पेट्रोलची वाटी) खोला, जेट (बारीक भोकाचा पितळी तुकडा, त्यातनं पेट्रोल जातं) काढा, फुंकर मारा, बसवा. वीस मिनिटाचं काम. इंजेक्शनमध्ये नेमकं काय बिघडलंय हेच कळायला स्कॅनर लागतो, आणि तो तुमच्या गावात नाही.

तुमचं २०२१ चं दुखणं मी न बघता सांगतो. जेट चोंदलेला. आदल्या पावसाळ्याचं पेट्रोल बाऊलमध्ये तसंच राहिलेलं आसणार. पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट डिंक राहतो. इंजिनाचा दोष नाही तो.

एक विनंती. जेटमध्ये स्टोव्हची पिन घालू नका. पोरं हमखास घालतात. पितळ मऊ असतं, भोक कणभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडलं. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा आणि उजेडाकडं धरून बघा. भोकातनं गोल उजेड दिसला पाहिजे, कोपरा कापलेला नाही.

गार्गी_करवीर · १२ मे, सकाळी ७:१०

मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवते. अण्णा, तुमचं निदान बरोबरच असणार, पण एक गोष्ट आता बदलली आहे. पंपावरचं पेट्रोल.

२०२३ पासून ई-२० यायला लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. वीस टक्के इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवतात, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. उसाला दर मिळायला त्याची मदत होते. पण बोटीच्या इंजिनाला ते वेगळं वागवावं लागतं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के दिलेली असते. कोटेशन देणाऱ्याकडून हे लेखी विचारून घ्या.

आता कार्बोरेटर काय करतो ते बघू. हवा अरुंद घशातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या ओढीने बाऊलमधलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर येतं. किती यायचं हे भोक ठरवतं. ते पेट्रोल कोणतं आहे हे भोकाला कळत नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला फक्त ९. ई-२० साठी हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर ई-२० टाकलं की मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. पातळ मिश्रण गरम जळतं. थंडपणी चालू व्हायला त्रास देतं. टू-स्ट्रोकमध्ये पूर्ण थ्रॉटलला पिस्टन धरायची, म्हणजे आत जाम व्हायची भीती असते.

इंजेक्शनमध्ये संगणक सेन्सरवरून हवेचा दाब, तापमान आणि फेरे बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. थंड इंजिनाला तो आपणहून जास्त पेट्रोल देतो, चोक ओढायचा नसतो. पण मोटारीसारखा ऑक्सिजन सेन्सर लहान आउटबोर्डला बहुधा नसतो. त्यामुळे ‘इंजेक्शन आहे म्हणजे ई-२० आपोआप सांभाळलं जाईल’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिथेही किती पेट्रोल द्यायचं याचा नकाशा आधीच आखलेला असतो.

दुसरं, पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत अर्धा भरलेला, झाकण सैल असलेला कॅन महिनाभर ठेवला तर काय होईल याचा विचार करा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाला बसतो. टाकीची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तर आणखी वाईट, कारण त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि ते वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. तळाच्या थरावर इंजिन चाललंच, तर ते विनाऑइल चालतं.

घरी तपासायचं असेल तर काचेच्या मापात १०० मिली पेट्रोल घ्या, १० मिली पाणी घाला, हलवा आणि थांबा. खालचा थर दहाचा तीसच्या जवळ गेला तर ते ई-२०. चुलीपासून लांब, उघड्यावर करा.

आंबेवाडीची_पोर · १२ मे, सकाळी ८:४५

मी इंजिनातली जाणकार नाही, पण २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला चिखली-आंबेवाडीच्या पुरात बोटीत बसलेय, लोकांना उतरवून घ्यायला. एकच सांगते. पुरात बोट पळत नसते. गल्लीतनं चालताना खाली काय आहे दिसत नाही. कंपाउंडचे अँगल, विजेच्या तारा, उसाचं पाचट. इंजिन तासन्‌तास मुंगीच्या चालीनं चालतं. दारात बंद करायचं, माणसं घ्यायची, परत चालू करायचं. दिवसात तीस-चाळीस वेळा.

आमच्या बोटीवरचे दादा सारखे प्लग काढून पुसत असायचे. काळेकुट्ट, तेलानं ओले. खिशात चार प्लग ठेवलेले. ते इंजिन टू-स्ट्रोकच होतं.

कृष्णाकाठ_शिरोळ · १२ मे, दुपारी १:३०

ताई, तुम्ही मनातलं बोललात. आम्हालाही प्लगचा तोच त्रास आहे आणि मी तो कधी कार्बोरेटरशी जोडलाच नव्हता. गार्गीताई, काचेच्या मापाचा प्रयोग आज संध्याकाळी करतो.

मालवण_लाटा · १२ मे, रात्री ८:१५

कोकणातून लिहितोय. पर्यटकांच्या तीन बोटी चालवतो. दोनवर फोर-स्ट्रोक इंजेक्शन, एकावर अजून जुनं टू-स्ट्रोक कार्बोरेटर. सासुरवाडी कोल्हापूर, त्यामुळे तुमच्या पुराची काळजी आमच्याही घरात असते.

आंबेवाडीच्या ताईंनी लिहिलंय त्यातच तुमचं उत्तर आहे. कमी वेगाला कार्बोरेटर टू-स्ट्रोक नीट श्वास घेत नाही. त्या वेगाला हवेची ओढ कमी, पेट्रोलचे थेंब मोठे, अर्धवट जळतं आणि ऑइल प्लगवर बसतं. इंजेक्टर दाबाने फवारा मारतो, त्यामुळे हवा हळू असली तरी थेंब बारीकच राहतात. माझी इंजेक्शनची इंजिनं ७००-८०० फेऱ्यांवर दोन-दोन तास चालतात, डॉल्फिन दाखवायला तसंच चालवावं लागतं. प्लग वर्षाला बदलतो. जुन्या इंजिनाचे प्लग महिन्याला काढून घासतो.

पेट्रोलचा मुद्दा कुणी काढला नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतानाच जळलेला वायू बाहेर ढकलतं, आणि त्यातलं जवळपास पाव मिश्रण न जळताच बाहेर पडतं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो तो तोच. ४० एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला १५ ते १८ लिटर पितं. माझं ३० चं इंजेक्शन दहा-अकरा, आणि हळू चालवताना दोन-तीन. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा कोल्हापुरात पेट्रोलची काय अवस्था झाली ते तुम्हाला मी सांगायला नको. २५ लिटरच्या एका कॅनवर पूर्ण थ्रॉटलला दीड तास चालायचं की सव्वादोन-अडीच तास, हा फरक पुरात फार मोठा आहे.

आता इंजेक्शनचे दोष, माझ्या अंगावर आलेले. गेल्या हंगामात एका बोटीचं इंजिन किनाऱ्यापासून दीड किलोमीटरवर बंद पडलं. दोरी ओढली तर फिरतं, पण ठिणगी नाही, पंपाचा आवाज नाही. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. मुख्य फ्यूजच्या खोबणीत हिरवट गंज होता. वीस रुपयांची वस्तू. पण समुद्रात ते शोधायचं कुणाला सुचलं नाही. कार्बोरेटर असता तर रखडत का होईना घरी आलो असतो. कार्बोरेटर आजारी पडतो, इंजेक्शन एकदम मरतं. हे मान्य करून मगच घ्या.

घेणार असाल तर बॅटरीशिवाय चालणारं, दोरीचं इंजेक्शन घ्या. त्यात फ्लायव्हीलखालच्या कॉइलमधूनच संगणक, पंप आणि इंजेक्टरला वीज मिळते. दोरी मात्र आळसाने ओढून चालत नाही. आधी हळू ओढून अडखळते तिथे आणायची, मग एका दमात पूर्ण ओढायची. फेरे कमी पडले तर वीजच तयार होत नाही. अकरा महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनाला बॅटरी म्हणजे अजून एक मरणारी वस्तू.

वजन बघा. ३० चं टू-स्ट्रोक पन्नास किलोच्या पुढे, फोर-स्ट्रोक सत्तरच्या आसपास. चौदा जण आहात म्हणून चालेल, पण बोटीचा ट्रान्सम (इंजिन लावायची मागची फळी) तपासा. आणि बोटीवर किती माणसं घ्यायची तो आकडा इंजिनाच्या वजनासकट धरा. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेली बोट कुणी विसरलेलं नाही.

कळंबा_राइडर · १२ मे, रात्री ९:००

एवढे पैसे घालण्यापेक्षा जुन्या मोटारीचं कार्बोरेटरवालं इंजिन लाकडी नावेत बसवलं तर? मोटारीचे पार्ट कुठंही मिळतात.

मालवण_लाटा · १२ मे, रात्री ९:२५

नको दादा, हे कृपया करू नका. मोटारीच्या कार्बोरेटरचा फ्लोट (बाऊलमधलं पेट्रोल मापात ठेवणारा तरंगा) अडकला की पेट्रोल बाहेर सांडतं. रस्त्यावर ते खाली पडून वाऱ्याने उडून जातं. नावेत ते तळाला साठतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बाहेर पडत नाही, आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. बोटीसाठीच्या कार्बोरेटरमध्ये वाफेची आणि सांडणीची वाट घशाच्या आतच काढलेली असते, म्हणजे जास्तीचं पेट्रोल इंजिनातच जातं. तोंडावर ज्वाळा अडवणारी जाळी असते. स्टार्टर आणि अल्टरनेटरही ठिणगी बाहेर येणार नाही असे बंदिस्त असतात. दिसायला सारखं दिसतं, पण सारखं नसतं.

कळंबा_राइडर · १२ मे, रात्री ९:४०

हे माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं. आमच्या ओळखीत एकजण असंच बसवायच्या तयारीत आहे, त्याला आजच सांगतो.

कृष्णाकाठ_शिरोळ · १४ मे, रात्री १०:३०

दोन दिवस शेडमध्येच होतो. अण्णा, तुमचं बोलणं डोक्यात ठेवून जुन्या इंजिनाचा कार्बोरेटर मी स्वतः पहिल्यांदा खोलला.

बाऊलचे स्क्रू काढले आणि बाऊल सुटेना, डिंकानंच चिकटलेला. लाकडी मुठीनं हळूच टोलवला तेव्हा निघाला. तळाला चहाच्या चमचाभर तपकिरी पाणी आणि त्यात पांढरी भुकटी, खडीसाखर कुटल्यासारखी. बोटावर घेतली तर खरखरीत. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगून मऊ झालेलं. मेन जेट उजेडाकडं धरला तर उजेड गोल दिसला. पण बाजूचा लहान जेट, हळू चालवायचा, त्यातनं काहीच दिसेना. पूर्ण बंद. म्हणजे २०२१ ला आम्ही दोरी ओढून तळहात सोलत होतो तेव्हा इंजिनाला प्यायला काही मिळतच नव्हतं.

काचेच्या मापाचा प्रयोगही केला. दहाचा थर अठ्ठावीसवर जाऊन थांबला. पोरं बघत होती. त्यातल्या एकानं शेडमधल्या जुन्या कॅनचं पेट्रोल एका बाटलीत ओतलं तर पाणी न घालताच तळाला थर दिसला. ते पेट्रोल आम्ही यंदाच्या पुरासाठी म्हणून ‘राखून’ ठेवलं होतं.

फिटरअण्णा_उद्यमनगर · १५ मे, सकाळी ८:००

पांढरी भुकटी म्हणजे बाऊलचा धातू खाल्लाय पाण्यानं. सुई, सीट, गॅस्केट नवीन टाका. बाऊल घेऊन या, मी बघतो. पथकाचं काम आहे, मजुरी घेणार नाही.

रात्रभर इचार केला. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि दोनचाकी गाड्या इंजेक्शनवर गेल्या, तवा मीच दुकानात म्हणत होतो की ही गाडी खेड्यात चालायची नाही, दुरुस्त कोण करणार. आज माझ्याकडं कार्बोरेटर साफ करायला येणाऱ्या गाड्या निम्म्याहून कमी झाल्यात, आणि इंजेक्शनवाल्या क्वचित येतात. माझ्या पोरानं स्कॅनर घेतलाय, आता तो शिकवतो मला. उभी राहिलेली गाडी चालू होत नाही ही तक्रार इंजेक्शनच्या गाडीत कमी हाय, हे मला मान्य करावं लागतं. कारण त्यात पेट्रोल बंद नळीत दाबाखाली असतं, उघड्या बाऊलमध्ये उडून जात नाही.

पण मालवणच्या भावाला एक विचारतो. आउटबोर्डच्या इंजेक्शनमध्येही आत एक छोटी टाकी असती ना, फ्लोटवाली?

मालवण_लाटा · १५ मे, सकाळी ९:१०

असते अण्णा, बरोबर पकडलंत. व्हेपर सेपरेटर म्हणतात. साधा पंप पेट्रोल त्यात आणून टाकतो, तिथे वाफ सुटी होते आणि मग जास्त दाबाचा पंप ते इंजेक्टरला देतो. त्यात फ्लोट आणि सुई आहेच. जुनं पेट्रोल त्यात राहिलं तर तिथेही डिंक होतो, आणि इंजेक्टरचं भोक जेटपेक्षा कितीतरी बारीक. तिथे फुंकर मारून काम होत नाही. त्यामुळे इंजेक्शन घेतलं म्हणून पेट्रोल तसंच सोडायची मोकळीक मिळत नाही. सेपरेटरला खाली निचऱ्याचा स्क्रू असतो, तो हंगाम संपल्यावर उघडायचाच. आणि टाकी व इंजिनाच्या मध्ये १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, खाली पारदर्शक वाटी असलेला. पाणी आलं तर डोळ्यांना दिसतं. तो फिल्टर कार्बोरेटरवाल्या इंजिनालाही तितकाच लागतो.

गार्गी_करवीर · १५ मे, सकाळी ११:३०

याला जोडून. बंद करताना नळी काढून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायची सवय अनेकांना असते. टू-स्ट्रोकमध्ये शेवटच्या क्षणी मिश्रण पातळ होतं आणि ऑइलही कमी पडतं, आणि तरी बाऊलच्या तळाला थोडं पेट्रोल उरतंच. बाऊलचा निचरा स्क्रू उघडणं जास्त चांगलं. नवीन सुई घेताना ती इथेनॉल सोसणाऱ्या रबराची आहे का विचारा, आणि फुगा व नळ्याही बदला. जुन्या नळीचं आतलं अस्तर इथेनॉलने सुटतं आणि त्याचे तुकडे पुढे जातात.

आंबेवाडीची_पोर · १५ मे, दुपारी ४:००

दादा, एक बाईमाणूस म्हणून विचारते. दोरी ओढायला किती जोर लागतो? आमच्याकडं दुपारच्या वेळी पुरुष माणसं छावणीवर असतात आणि बोटीपाशी आम्ही दोघी-तिघी. ४० चं ते जुनं इंजिन आमच्यानं हलत नव्हतं.

मालवण_लाटा · १५ मे, संध्याकाळी ६:२०

महत्त्वाचं विचारलंत ताई. बहुतेक फोर-स्ट्रोकना सुरू होताना व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून दाब कमी करायची सोय असते. माझी पुतणी, वय १९, आमचं ३० चं इंजिन दोन ओढीत चालू करते. जुनं टू-स्ट्रोक तिच्याने होत नाही. घेण्याआधी पथकातल्या सगळ्यांत हलक्या माणसाला दोरी ओढायला लावा.

कृष्णाकाठ_शिरोळ · २१ मे, रात्री ९:५०

काल रात्री देवळात बैठक झाली. हा धागा मोबाइलवरून सगळ्यांना वाचून दाखवला. ठरलं ते सांगतो.

नवीन इंजिन इंजेक्शनचं, ३० एचपी फोर-स्ट्रोक, दोरीचं, बॅटरीशिवायचं. विक्रेत्याकडं गेलो तेव्हा पथकातल्या आशा वर्करताईंना दोरी ओढायला लावली. पहिली ओढ हळू गेली, तिसऱ्या ओढीत चालू झालं. ई-२० बद्दल लेखी मागितलं, पुस्तिकेतलं पान दाखवलं, त्यात मर्यादा दहा टक्केच आहे. म्हणून ठरवलं की कॅनमध्ये पंधरा दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल ठेवायचं नाही. कॅनवर खडूनं तारीख. मुदत संपली की ते गावातल्या मोटारसायकलींना वाटायचं आणि ताजं भरायचं. कॅन काठोकाठ, झाकण घट्ट.

जुनं ४० चं टू-स्ट्रोक विकणार नाही. अण्णांनी बाऊल, सुई, दोन्ही जेट करून दिलेत. हळू चालवायच्या जेटचा एक जोड जादा दिलाय, तो ग्रीस लावून डबीत ठेवलाय. हे इंजिन ट्रॉलीवर तयार राहील. नवीन मधेच मेलं तर दोन बोल्ट सैल करून जुनं चढवायचं. त्याचा सराव राजाराम तलावावर घेऊ, घड्याळ लावून. मालवणच्या दादांनी सांगितलेला फ्यूज, एक रिले, दोन प्लग आणि फिल्टरची वाटी बोटीवरच्या डब्यात. पंख्याला जाळीचा गार्डही घेतोय, पाण्यात उतरलेल्या माणसांसाठी.

मृग ७ जूनला निघतो. त्याआधीच्या रविवारी पहिलं चालू करणार, आणि मग दर रविवारी सकाळी पिंपात उभं करून दहा मिनिटं. पाळीचा तक्ता शेडच्या दारावर लावलाय. पहिलं नाव माझं आहे.

फिटरअण्णा_उद्यमनगर · २१ मे, रात्री १०:१५

रविवारी मी आणि पोरगं येतो. स्कॅनर घेऊन येतो. पिंप दोनशे लिटरचं ठेवा, लहान पिंपात पाणी लगेच गरम होतं. आणि इंजिन गार करणाऱ्या पाण्याची पिचकारी बाहेर पडतेय का ते आधी बघा, मग थ्रॉटलला हात लावा.